माळरानाचं मेण

जानेवारी सरत आला की तासगाव भागात बेदाण्याच्या शेडमध्ये लगबग सुरू होते. वेलीवरून उतरवलेला घड थेट वाळायला टाकत नाहीत. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट पाण्यात कालवून केलेल्या द्रावणात तो आधी बुडवून काढतात आणि मगच जाळीवर पसरतात. शेतकरी त्याला नुसतं 'डिपिंग ऑइल' म्हणतात. न बुडवलेला मणी वाळायला आठवडेच्या आठवडे घेतो. बुडवलेल्याचा साधारण पंधरवड्यात बेदाणा होतो. द्राक्षाच्या सालीवर एक पांढुरका थर असतो, बोट लावलं की पुसला जाणारा. द्रावण त्या थराची घडी विस्कटतं, आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. हा थर मेणाचा असतो आणि आतलं पाणी आत राखणं हेच त्याचं काम असतं.

असं मेण जमिनीवरच्या जवळपास प्रत्येक वनस्पतीच्या अंगावर असतं. जोंधळ्याच्या ताटावर हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते. उसाच्या पेरापाशी पांढरं वलय दिसतं. माळावरच्या रुईच्या पानावर तर इतका जाड थर असतो की त्यावर नखानं नाव लिहावं. साखर कारखान्यात रस निवळल्यावर जो प्रेसमड उरतो, त्यात हे मेण इतकं असतं की ते वेगळं काढून पॉलिशसाठी, सौंदर्यप्रसाधनांसाठी वापरता येतं. पाणी सोडून जमिनीवर आलेल्या वनस्पतींना उन्हात तग धरायचा होता. त्यासाठी त्यांनी जी पहिली सोय केली, त्यातली ही एक.

पान गळतं, कुजतं. त्यातली साखर, प्रथिनं, हिरवा रंग, सगळं बुरशी आणि जिवाणू फस्त करतात. मेण मात्र मागे राहतं, कारण त्याच्या रेणूत जिवाणूंना पकडायला फारसं काही नसतं. पावसाच्या पाण्याबरोबर ते मातीच्या कणांना चिकटून ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत, नदीतून तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी. काही मेण वाऱ्यानं उडतं, काही वणव्याच्या धुरातून जातं. गाळात गाडलं गेलं, हवा लागली नाही आणि खोलवरच्या उष्णतेनं भाजलं नाही, तर ते लाखो वर्षं टिकतं, कोट्यवधी वर्षंही टिकतं. ज्या झाडाखाली आदिमानव बसला ते झाड गेलं, त्याची मुळं गेली, त्याखालची मातीही वाहून गेली; त्या झाडाच्या पानावरचं मेण मात्र आज प्रयोगशाळेतल्या बाटलीत काढता येतं. आदिमानवाचा परिसर कसा होता हे शोधण्याच्या शास्त्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी मोठी भर पडली, ती या एका गोष्टीमुळे.

मेणातला जो भाग कामाचा, त्याची रचना साधी आहे. कार्बनचे अणू एकामागे एक सरळ ओळीत जोडलेले आणि त्यांच्या अंगाला हायड्रोजन. या साखळीला अल्केन म्हणतात. वनस्पती साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढवत नेतात आणि शेवटी एक कार्बन काढून टाकतात. म्हणून पानांच्या मेणात २७, २९, ३१, ३३ अशा विषम संख्येच्या साखळ्या जास्त सापडतात. खनिज तेलात सम आणि विषम साखळ्या जवळजवळ सारख्या असतात, त्यामुळे नमुन्यात वंगण मिसळलेलं असेल तर ते उघडं पडतं. शेवाळाच्या साखळ्या आखूड, १७ कार्बनांच्या आसपास. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींच्या मधल्या, २३-२५ च्या. जेफ्री एग्लिंटन आणि हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पानांवरच्या मेणाची मांडणी केली, आणि साखळीची लांबी पाहून ती कुठून आली असावी याचा अंदाज बांधण्याचा रस्ता खुला झाला. पण नुसत्या लांबीवर विसंबून चालत नाही. गवतात लांब साखळ्या जास्त आणि झाडांत थोड्या आखूड, असं पूर्वी ठामपणे म्हटलं जाई. जगभरच्या शेकडो वनस्पती तपासल्यावर तो नियम डळमळीत निघाला. खरी माहिती साखळीतल्या कार्बनच्या वजनात आहे.

निसर्गातला बहुतेक कार्बन १२ वजनाचा असतो. शंभरात एखादाच अणू १३ वजनाचा. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं तेव्हा त्याचं विकर, रुबिस्को, हलका कार्बन पसंत करतं. झाडंझुडपं, भात, गहू, हळद, द्राक्ष, सोयाबीन ही सगळी या पद्धतीनं चालतात. त्यांना सी-३ वनस्पती म्हणतात. काही वनस्पतींनी मात्र वेगळी युक्ती काढली. त्या आधी दुसऱ्या एका विकरानं कार्बन डायऑक्साइड धरतात, पानाच्या आतल्या बंदिस्त पेशींत नेऊन कोंडतात आणि मग रुबिस्कोच्या हवाली करतात. कोंडलेल्या जागेत निवड करायला वावच उरत नाही, त्यामुळे जड कार्बनही वापरला जातो. या सी-४ वनस्पती. कडक ऊन आणि थोडं पाणी असलं तरी त्या जोमानं वाढतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि आपल्या माळावरचं बहुतेक गवत, कुसळ काय, मारवेल काय, पवन्या काय, सगळं सी-४. ही पद्धत उलगडली तीही उसावरच्या प्रयोगांतून. हवाईतल्या ऊस संशोधकांना तिची चाहूल लागली आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक या दोघांनी तिचा पूर्ण मार्ग दाखवला. कृष्णाकाठचा शेतकरी ज्या पिकावर संसार चालवतो, त्याच पिकानं शास्त्रज्ञांच्या हाती पुराकाळाची ही किल्ली दिली.

फरक मोजता येण्याजोगा असतो. जड कार्बन एका ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त आहे, हे दर हजारी मोजतात. सी-३ वनस्पतींच्या मेणाचा हा आकडा साधारण उणे ३५ येतो, सी-४ चा उणे २१ च्या आसपास. दोन्ही मिसळलेले असतील तर मधला. एवढ्या एका आकड्यावरून त्या काळी तिथे झाडी किती आणि गवत किती, याचा अंदाज लागतो. त्याच साखळीतल्या हायड्रोजनचं वजन पावसाच्या पाण्याशी जोडलेलं असतं, कारण वनस्पतीला हायड्रोजन मिळतो तो मुळांनी शोषलेल्या पाण्यातूनच. पाऊस धो धो पडला की तो हलका, पाऊस तुटपुंजा आणि वाफ जास्त झाली की तो जड. मेणाचा एकच रेणू असा दोन गोष्टी सांगतो: वर काय उगवलं होतं, आणि आभाळातून किती आलं होतं.

ही किल्ली आजच्या जिवंत निसर्गावर पारखून घ्यायची तर सातारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे हिरडा, जांभूळ, अंजन यांची दाट झाडी. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड. तिथे पाचशे मिलिमीटर म्हणजे चांगलं साल. हिवर, बोर, बाभूळ, तरवड आणि त्यांच्या मधून पसरलेलं कुसळी गवत. मध्ये वाई, कोरेगाव, पुसेगाव, वडूज अशी गावं जातात तसतशी झाडी विरळ होत जाते आणि माळ उघडा पडत जातो. हाच उतार सांगली जिल्ह्यात शिराळ्यापासून जतपर्यंत आहे. चांदोलीच्या जंगलाखालच्या ओढ्यातला गाळ आणि जतच्या माळावरच्या ओढ्यातला गाळ शेजारी शेजारी ठेवून मेण काढलं, तर एकाच नदीच्या खोऱ्यात आकडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलेला दिसायला हवा. आणि यातलं बरंचसं शेवटी सांगलीपाशी एकत्र येतं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा मिळते, सांगलीला हरिपूरच्या संगमावर वारणा मिळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पाणी ओसरल्यावर सांगलीकरांनी घरातून, दुकानांतून जो चिकट गाळ फावड्यानं ओढून काढला, त्यात सह्याद्रीचं जंगल, पाटणचं भात, वाळव्याचा ऊस आणि खटावचा माळ, सगळ्यांचं मेण एकत्र होतं. नदीच्या गाळातला आकडा हा असा अख्ख्या खोऱ्याचा असतो. एका झाडाचा किंवा एका गावाचा नसतो. हे ज्यानं ध्यानात ठेवलं नाही, त्याचे निष्कर्ष हमखास चुकतात.

प्रयोगशाळेतलं काम चिवट आणि स्वच्छतेचं आहे. गाळाचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घेत नाहीत, कारण प्लास्टिकमधली रसायनं मेणात उतरतात. काचेची बरणी किंवा अॅल्युमिनियमची फॉइल घ्यायची, तीही आधी भट्टीत साडेचारशे अंशांवर तापवून. उघड्या हाताचा स्पर्श नको, कारण आपल्या कातडीवरही तेल असतं. नमुना गोठवून वाळवायचा, खलात बारीक करायचा आणि डायक्लोरोमिथेन व मेथॅनॉलच्या मिश्रणात त्यातलं सगळं तेलकट द्रव्य उतरवून घ्यायचं. बाटलीत पिवळसर-तपकिरी अर्क येतो. तो सिलिकाच्या बारीक नळीतून हेक्झेनबरोबर सोडला की साखळ्या तेवढ्या सरळ खाली उतरतात, बाकीचं वर अडकतं. पुढचं काम गॅस क्रोमॅटोग्राफचं. त्यात केसासारखी बारीक, तीस-साठ मीटर लांब नळी वेटोळं करून बसवलेली असते. यात्रेच्या गर्दीतून लहान पोरं आधी सटकतात आणि थोराड माणसं मागून येतात, तशा आखूड साखळ्या आधी बाहेर पडतात आणि लांब नंतर. पडद्यावर एकेका साखळीचा सुळका उमटतो: २७, २९, ३१. विषम सुळके उंच, त्यांच्या मधले सम सुळके बुटके. हा उंच-बुटका क्रम दिसला की समजायचं, हे पानाचं मेण आहे आणि ते फारसं बिघडलेलं नाही. मग प्रत्येक साखळी तापलेल्या भट्टीत जाळून तिचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि त्यातल्या जड कार्बनचं प्रमाण मोजतात.

आदिमानवाच्या संदर्भात या पद्धतीचा सगळ्यात सुंदर वापर टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत झाला आहे. १९५९ च्या जुलैत मेरी लीकी यांना तिथे 'झिंज' नावानं पुढे प्रसिद्ध झालेली कवटी सापडली. त्या थराचं वय १८ लाख ४० हजार वर्षं. कवटीभोवती दगडी हत्यारं आणि हत्यारांनी खरवडलेली जनावरांची हाडं पडलेली. ती माणसं तिथेच का जमली, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षं चर्चेत राहिला. क्लेटन मॅगिल, गेल अॅशली, कॅथरीन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी तळ्याच्या गाळातलं मेण वाचलं. त्यांचा २०१३ चा निष्कर्ष असा की साधारण दोन लाख वर्षांच्या काळात तो परिसर पाच-सहा वेळा दाट झाडीतून उघड्या गवताळ प्रदेशात आणि परत झाडीत गेला, आणि प्रत्येक पालट तसा झपाट्यानं झाला. त्यानंतर ते थेट झिंजच्या थराकडे वळले. ज्या एका पातळ थरावर ती माणसं वावरली, त्याच थरातून ठिकठिकाणचे नमुने घेऊन त्यांनी जणू जमिनीचा नकाशाच काढला. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हाडं आणि हत्यारं जिथे दाट, तिथल्या मातीतलं मेण झाडांचं. जवळच गोड्या पाण्याचा झरा, नेचे आणि लव्हाळ्यासारख्या पाणथळ वनस्पती. आणि त्या झाडोऱ्याला लागून मोकळं गवत. माळावर मेलेलं किंवा मारलेलं जनावर सावलीत आणायचं, पाण्याजवळ बसून फोडायचं आणि खायचं, असं चित्र त्यातून उभं राहतं. माळावरचे मेंढपाळ दुपारी कळप कुठे बसवतात हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला ही निवड समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडे आदिमानव नव्हता असं नाही. उलट, दख्खनच्या नद्यांनी त्याची हत्यारं भरभरून दिली आहेत. जुन्नरजवळ कुकडीकाठी बोरी इथे आणि बारामतीजवळ कऱ्हेच्या काठी मोरगावला, म्हणजे नीरा ओलांडली की सातारा लागतो त्या टापूत, दगडी हातकुऱ्हाडी ज्वालामुखीच्या राखेच्या थराच्या सान्निध्यात सापडल्या. ती राख सुमात्रातल्या टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर डेक्कन कॉलेजच्या आणि बाहेरच्या अभ्यासकांत अनेक वर्षं वाद झडला. कृष्णेच्याच खोऱ्यात, पण खाली कर्नाटकात, इसामपूर इथे के. पद्दय्या यांनी हत्यारं घडवण्याची दगडाची खाणच उघडकीला आणली. तिचं वय सुमारे १२ लाख वर्षांपर्यंत मागे जातं. आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे गावी एस. ए. साळी यांना सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला पळायला मोकळा माळ लागतो. महाराष्ट्रातल्या माणसानं ज्या काळी शेतीचं नावही ऐकलं नव्हतं, त्या काळी इथे माळ होता, हे त्या मण्यांवरूनच कळतं.

हत्यारं आहेत, हाडं आहेत, मग मेण वाचणं ओल्डुवाईइतकं सोपं का नाही? कारण इथला गाळ. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, काठाच्या मातीला हातभर खोल भेगा पडतात, हवा आत खेळते आणि सेंद्रिय अंश जळून जातो. अशा मातीत बहुधा चुनखडीचे खडे तेवढे उरतात. त्यांच्यातही सी-३ आणि सी-४ ची खूण असते. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर १९८९ मध्ये अशाच खड्यांवरून कळलं की साधारण ७०-७५ लाख वर्षांपूर्वी तिथे गवताळ प्रदेश पसरायला लागला. पुढे तिथल्याच जुन्या मातीतलं आणि बंगालच्या उपसागराच्या तळातलं पानांचं मेण तपासून त्याला दुजोरा मिळाला. म्हणजे गवत हे माणसाच्या आधीचं आहे. आपले पूर्वज त्यात उतरले.

दख्खनच्या नदीगाळातलं मेण शोधायला मात्र पठार सोडून जावं लागलं. २००६ मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत एक जहाज गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात भोकं पाडत होतं. शोध इंधनाचा होता. त्यातल्या १६-ए क्रमांकाच्या, सुमारे १२७० मीटर खोल पाण्यातून काढलेल्या गाळाच्या दंडात गेल्या अकरा हजार वर्षांचा गोदावरीचा इतिहास थरावर थर रचलेला मिळाला. कामिलो पोन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं पानांचं मेण २०१२ मध्ये वाचून दाखवलं. नाशिकपासून मराठवाड्यापर्यंतच्या पठारावरून वाहून गेलेलं ते मेण सांगतं की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत, टप्प्याटप्प्यानं, कोरड्या हवामानाला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या. बुलढाण्याच्या लोणार सरोवरातल्या सुमारे दहा मीटर गाळानंही स्वतंत्रपणे जवळपास हेच सांगितलं. जर्मनीतल्या पोट्सडामच्या आणि नवी मुंबईच्या भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यात गेलुसाइटचे स्फटिक पाहिले. सरोवर आटून खारं होतं तेव्हाच ते तयार होतात. त्यावरून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ अवर्षणाचा काळ त्यांनी ओळखला. लोणारच्या मेणातला हायड्रोजनही याच सुकत जाण्याच्या काळातला बदल दाखवतो.

आणि सातारा? कासच्या पठारावरच्या हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तपासला आहे. त्यांची साधनं परागकण आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं, मेण नव्हे. पण गोष्ट त्याच कथेत बसते. सुमारे ८६०० वर्षांपूर्वी गोड्या पाण्याच्या काळातून कोरड्या काळाकडे पालट, आणि सुमारे २८०० वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा क्षीण झालेला. सप्टेंबरात फुलं पाहायला जाणाऱ्या पर्यटकांच्या पायाखाली हा एवढा जुना दप्तरखाना आहे.

इथे एक गाठ आहे आणि ती नीट सोडवली पाहिजे. चार हजार वर्षांपूर्वी गवताचं मेण वाढलं, ते पाऊस घटल्यामुळे की माणसामुळे? याच सुमाराला ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून भारतात आल्या. घोड नदीकाठी इनामगावला शेतकरी वस्ती होती. म. के. ढवळीकरांनी तिच्या ऱ्हासाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी लावला. ज्वारीही सी-४, कुसळही सी-४. मेणाचा कार्बन दोन्हींना एकच आकडा देतो. जंगल तोडून ज्वारी पेरली तरी आकडा सरकेल, पाऊस कमी होऊन गवत वाढलं तरी सरकेल. २०१७ मध्ये लिव्ह्यू जिओसान आणि सहकाऱ्यांनी गोदावरीच्या त्याच गाळात दख्खनच्या काळ्या दगडाची धूप गेल्या काही हजार वर्षांत बेसुमार वाढल्याचं दाखवलं. त्यात वनस्पतींचं आच्छादन हटल्याचा हात होता. मला स्वतःला असं वाटतं की सुरुवात पावसानं केली आणि माणूस त्यात सामील झाला. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रातल्या खारटपणाच्या खुणा, लोणारचे स्फटिक आणि मेणाचा हायड्रोजन या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यावर अवलंबून नाहीत, आणि तिन्ही कोरडेपणाकडेच बोट दाखवतात. पुढची धूप मात्र नांगराच्या आणि कळपांच्या नावावर जास्त जाते.

हा प्रश्न निव्वळ अभ्यासकांचा नाही. माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या माळाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणण्याची इंग्रजांच्या काळापासूनची सवय आहे. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते लोकांनी आणि मेंढरांनी खाल्लं, आता झाडं लावून ते परत आणायचं, असा सरधोपट समज. म्हणून माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, निलगिरी लावतात. ती जगली तरी त्यांच्या सावलीत कुसळ, मारवेल उगवत नाही. माडग्याळ मेंढीला आणि खिल्लार गाईला चारा उरत नाही, आणि लांडग्याला, माळढोकाला जागा उरत नाही. माळ खरोखर तोडलेल्या जंगलाचा अवशेष असता, तर गाळातलं जुनं मेण सगळं झाडांचं निघालं असतं. तसं ते निघत नाही. पठारावरच्या गाळात गवताचा वाटा कधी कमी कधी जास्त झाला, पण गवत नव्हतंच असा काळ दिसत नाही. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी वेगळ्याच बाजूनं हाच मुद्दा मांडला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-काव्यांत, लोकगीतांत ज्या ४४ रानवनस्पतींचे उल्लेख त्यांना सापडले, त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश उघड्या माळाच्या निघाल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानं माळाचं वय किमान साडेसातशे वर्षांनी मागे नेलं. मेण त्याला हजारो वर्षं आणखी मागे नेतं, आणि पाटण्याचं शहामृग त्याहूनही मागे. या माळाला पडीक म्हणणं चूक आहे, आणि त्या शब्दाच्या आधारे तिथे जे केलं जातं ते अन्यायाचं आहे, धनगरांवरही आणि माळावरही.

मेणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते वनस्पतीचं नाव सांगत नाही. ते कुसळ की ज्वारी हे परागकणांनाही क्वचितच सांगता येतं, त्यासाठी जळालेले दाणे शोधावे लागतात. डोंगरावरच्या मातीत ते शेकडो, कधी हजारो वर्षं पडून राहतं आणि मग एखाद्या पुरात समुद्रात पोचतं, त्यामुळे थराचं वय आणि मेणाचं वय एक असेलच असं नाही. गोदावरीवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात हेही दिसलं की नदीच्या वरच्या, गवताळ टापूतलं द्रव्य आणि समुद्राच्या तळाशी साठलेलं द्रव्य यांचा मेळ सरळ नाही. मधल्या वाटेत खूप काही गळतं, खूप काही मिसळतं, आणि आता धरणं गाळ अडवून धरतात. म्हणूनच या पद्धतीचे जाणकार एका साधनावर कधीच थांबत नाहीत. मेण, परागकण, डायटम, चुनखडीचे खडे, हाडं: जे हाती लागेल ते एकमेकांवर ताडून पाहतात.

आणि सध्याच्या गाळात जे साठत आहे ते तर पुढच्या अभ्यासकाला फार बुचकळ्यात पाडणारं आहे. टेंभू योजनेनं कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेलं. ताकारी आणि म्हैसाळनं सांगलीच्या पूर्व भागात तेच केलं. जिथे कुसळ आणि बाजरी होती तिथे डाळिंब आणि द्राक्षं आली, म्हणजे सी-४ च्या जागी सी-३. मेणाचा कार्बन झाडीकडे सरकणार. त्या बागा पितात ते पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं आहे. वाटेत त्याची थोडी वाफ होते खरी, पण आटपाडीच्या कोरड्या मातीतल्या पाण्याइतकं ते जड होत नाही. म्हणजे मेणाचा हायड्रोजनही ओल्या काळाकडे सरकणार. ब्रिटिशांच्या काळात माणगंगेवर बांधलेल्या राजेवाडीच्या तलावात उद्या कुणी नळी घालून गाळाचा दंड काढला, तर त्याला वरच्या वीतभरात पाऊस वाढला आणि रान दाट झालं असं दिसेल. प्रत्यक्षात म्हसवडचा पाऊस होता तेवढाच आहे. खरं काय ते कळायला त्याला डाळिंबाचे परागकण शोधावे लागतील, आणि खतांतला फॉस्फरस त्याच थरात अचानक वाढलेला पाहावा लागेल. चार हजार वर्षांपूर्वीच्या थरात ज्वारी आणि पाऊस वेगळे काढताना आजचा अभ्यासक अशाच पेचात असतो. म्हणून राजेवाडी, मायणी अशा तलावांतला गाळ उपसून शेतात टाकण्याआधी त्याचा एखादा अखंड दंड काढून ठेवणं गरजेचं आहे. तिथे पाऊस किती पडला, कालवा केव्हा आला, कोणतं पीक कधी बदललं हे सगळं आपल्याकडे नोंदलेलं आहे. ज्या गाळाचं उत्तर आधीच माहीत आहे, त्यावर पद्धत पारखून घेता येते, आणि मग बोरी-मोरगावच्या काळाकडे जास्त भरवशानं जाता येतं.